स्वस्त फ्रेमपासून हलकी सायकल: नवशिक्यांसाठी महागडं मार्गदर्शन

हे मार्गदर्शन कोणासाठी?

ज्यांच्याकडे साडेनऊ किलोची, उत्तम चालणारी अल्युमिनियमची रोड बाइक आहे आणि तरीही रविवारी सकाळी सिंहगडाच्या चढावर ज्यांना कोणीतरी मागे टाकून जातं, अशा सर्वांसाठी. मागे टाकून जाणारे काका निवृत्त आहेत आणि त्यांची सायकल तुमच्यापेक्षा जड आहे, या तपशिलाकडे सध्या दुर्लक्ष करावं. त्याकडे लक्ष दिलं तर मार्गदर्शन इथेच संपतं.

लागणारं साहित्य

एक बिनब्रँडची कार्बन फ्रेम, फोर्कसह. गिअर-ब्रेकचा पूर्ण संच. चाकं. ॲलन कीचा सेट. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा (घरी न विचारता घेतलेला). बारीक दातांची करवत, मास्क, ग्रीस, कार्बन पेस्ट. टॉर्क रेंच. यादीतली शेवटची वस्तू नवशिके हमखास गाळतात. त्याबद्दल पुढे येईलच.

थोडी पूर्वपीठिका

ग्रॅमचं व्यसन तुम्ही शोधून काढलेलं नाही. १९७२ साली सायकलपटू एडी मर्क्सनं मेक्सिको सिटीत तासाभरात ४९ किलोमीटर ४३१ मीटर अंतर कापून विक्रम केला, तेव्हा त्याची पोलादी सायकल पावणेसहा किलोंच्या घरात होती. ग्रॅम वाचवायला हँडलला आणि चेनच्या कड्यांनासुद्धा भोकं पाडली होती. १९८६ साली ग्रेग लेमाँडनं कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली आणि भोकं पाडण्याचा काळ मागे पडला. पुढे सायकली इतक्या हलक्या झाल्या, की जागतिक सायकलिंग संघटनेनं २००० सालापासून शर्यतीच्या सायकलचं किमान वजन ६.८ किलो ठरवून टाकलं.

हा नियम शर्यतीला लागू आहे. सिंहगडाच्या वाटेवरच्या डोणजे फाट्यावर सायकल तोलायला कोणी बसलेलं नसतं. पण ६.८ हा आकडा लक्षात ठेवा. पुढचे काही महिने तुम्ही त्याच्याच मागे धावणार आहात.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. कित्येक दशकं हे राजे पोलादी सायकलींवरच झाले. ही माहिती इथे केवळ नोंदीसाठी दिली आहे. तिच्यावर विचार करू नये.

पायरी १: फ्रेम निवडणे

विक्रेता सांगेल, फ्रेम ‘टी-१०००’ कार्बनची आहे. टी-७००, टी-८००, टी-१००० ही तोरे या जपानी कंपनीच्या धाग्यांची नावं. धागा खरा असेलही. पण फ्रेम म्हणजे नुसता धागा नसतो. राळेत भिजवलेल्या कार्बन कापडाचे शेकडो तुकडे कामगार हातानं साच्यात लावतात, प्रत्येकाची दिशा ठरलेली असते, आतून दाब देऊन सगळं भट्टीत पक्कं करतात. कुठे सुरकुती राहिली, कुठे राळ साचली, कुठे तुकडा तिरका बसला, हे स्टिकर सांगत नाही. वर दिसणारी चौकटीची सुंदर वीणसुद्धा बहुधा शोभेचीच असते.

चिनी असण्यात स्वतःहून काही वाईट नाही. जगातल्या बहुतेक कार्बन फ्रेम चीन आणि तैवानमध्येच बनतात, नामवंत युरोपीय कंपन्यांच्यासुद्धा. टाळायच्या त्या खोटं नाव लावलेल्या फ्रेम. इटालियन पिनारेलोची नक्कल इतकी चालते, की तिला ‘चायनारेलो’ असं लाडकं नाव पडलं आहे. जो माणूस दुसऱ्याची सही करतो, त्याच्या कापडाच्या तुकड्यांवर विश्वास ठेवून उताराला लागू नये. स्वतःच्या नावानं माल विकणारा, साइज-तक्ता देणारा आणि तक्रारीला उत्तर देणारा कारखाना निवडावा.

जाहिरातीतलं वजन सर्वांत लहान मापाच्या, बिनरंगाच्या फ्रेमचं असतं. तुम्हाला लागणारं माप मोठं असतं आणि रंगही हवा असतो. रंगाचंही वजन असतं, हे ज्ञान बहुतेकांना याच पायरीवर होतं. यानंतर माणूस मॅट काळ्या रंगाचा चाहता बनतो.

पायरी २: फ्रेम येण्याची वाट पाहणे

ओळखपत्र अपलोड करा. वाट पाहा. ते पुन्हा अपलोड करा. मग आयात शुल्क, त्यावर जीएसटी आणि कुरिअरवाल्याचं स्वतःचं शुल्क भरा. बजेट फ्रेममधलं ‘बजेट’ इथे सुटतं आणि ‘फ्रेम’ तेवढी घरी येते.

पायरी ३: तपासणी

खोका उघडल्याबरोबर फ्रेम उचलून “काहीच वजन नाही रे!” असं म्हणायची प्रथा आहे. ती पाळून झाली, की कामाला लागा. सीटच्या नळीत टॉर्चचा उजेड टाकून आत बघा: फुगवटा, सुटलेले पापुद्रे, राहिलेला प्लॅस्टिकचा तुकडा. मग एक रुपयाचं नाणं घेऊन नळ्यांवर हलकेच टकटक करत जा. आवाज सलग, खणखणीत यायला हवा. एखाद्या जागी तो अचानक बसका आला, तर आतले थर सुटलेले असू शकतात. मागचं चाक मध्यभागी बसतं का, बेअरिंगच्या बैठकी स्वच्छ गोल आहेत का, तेही बघा. शंका आली तर फ्रेम परत करा. ‘चालून जाईल’ हा मराठी माणसाचा लाडका शेरा कार्बनला लावू नये. पोलाद आधी वाकतं, कार्बन आधी कळवत नाही.

पायरी ४: बीबी, अर्थात वर्णमाला

क्रँकचा दांडा फ्रेममधून जिथे आरपार जातो, ती जागा म्हणजे बॉटम ब्रॅकेट, दुकानातल्या भाषेत बीबी. पूर्वी सगळीकडे आट्यांचे दोन कप असत. उजव्या कपाला बहुधा उलटे आटे, डाव्याला सुलटे. आता सुधारणा झाली आहे. बीबी-३०चं भोक ४२ मिलिमीटरचं, पीएफ-३०चं ४६, बीबी-८६चं ४१, आणि टी-४७ला पुन्हा आटे, म्हणजे सुधारणा फिरून घरी आली. त्यातून जाणारा दांडा शिमानोचा २४ मिलिमीटरचा, काहींचा ३०, आणि स्रॅमच्या ‘डब’ नावाच्या दांड्याचा २८.९९. तो पूर्ण २९ का केला नाही, असं विचारू नये.

तुमची फ्रेम एका मापाची, क्रँक दुसऱ्या मापाची असणार, हे गृहीत धरा. मध्ये ॲडॅप्टर येतो. शंभर ग्रॅम हलकी फ्रेम निवडून वाचवलेल्या वजनातला काही भाग इथे परत येतो.

स्वस्त फ्रेम घेताना खरा उपयोगी सल्ला एकच: जमलं तर आट्यांची बीबी असलेली फ्रेम घ्या. दाबून बसवायच्या कपांना भोक अगदी गोल आणि दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत लागतात. मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरकही पुरतो. तो नेमका स्वस्त फ्रेममध्ये असतो, आणि मग आवाज येतो.

या आवाजाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण तुम्ही त्याच्याबरोबर राहणार आहात. तो ‘कट्’ असा येतो, फक्त जोर लावल्यावर, फक्त चढावर, आणि मेकॅनिकसमोर कधीच नाही. कार्बन फ्रेम पोकळ असल्यामुळे आवाज कुठूनही निघाला तरी खालूनच आल्यासारखा वाटतो. म्हणून बीबी उपसण्याआधी क्रमानं तपासा. उभं राहून पेडल मारल्यावर आवाज थांबला, तर दोष सीटचा किंवा सीटपोस्टचा. पेडल न मारता हँडल ओढल्यावर आला, तर स्टेम किंवा हेडसेटचा (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा). एकाच पायाच्या जोरावर आला, तर पेडल किंवा बुटाचं क्लीट. हे सगळं निर्दोष निघालं, तर चाकांचे स्क्युअर सोडून, पुसून पुन्हा आवळा. बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रूसुद्धा बघा. यातून काहीच निघालं नाही, तरच बीबी.

पायरी ५: फोर्कची नळी कापणे

या पायरीला माणसं घाबरतात आणि त्यांचं बरोबर आहे. फोर्कची नळी लांब येते, ती तुमच्या उंचीनुसार कापायची असते. कापलेली वाढत नाही.

म्हणून पहिल्यांदा कापूच नका. स्टेमखाली रिंगा घालून, वर उरलेली नळी तशीच ठेवून आठ-पंधरा दिवस सायकल चालवा. शेजारी विचारतील, “हे असं काय बाहेर आलंय?” विचारू द्या. पाठ आणि मान कुठे सुखावतात हे ठरलं, की मगच करवत हातात घ्या. नळीला टेप गुंडाळा, करवतीला सरळ नेणारं गाइड लावा, मास्क घाला, पाणी मारत कापा. कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी वस्तू नाही. नळी वरच्या रिंगेपेक्षा तीनेक मिलिमीटर आत राहायला हवी, नाहीतर हेडसेट घट्ट होणार नाही. आत एक्स्पांडर प्लग बसवा. लोखंडी सायकलीत ठोकून बसवतात तो चांदणीसारखा नट कार्बनच्या नळीत कधीही ठोकू नका. तो आतून नळी ओरबाडतो. चाळीस ग्रॅमचा प्लग वगळून वजन वाचवण्याची कल्पना सुचली, तर थोडं पाणी पिऊन या आणि पुन्हा विचार करा.

पायरी ६: ब्रेक आणि चाकं

डिस्क ब्रेकची सायकल रिम ब्रेकपेक्षा साधारण चार-पाचशे ग्रॅमनी जड पडते. त्यामुळे वजनवेडा माणूस रिम ब्रेक निवडतो. त्यावर कार्बन रिम घेतो. मग पावसाळ्यात सह्याद्रीचा घाट उतरतो, आणि ब्रेक दाबल्यापासून सायकल मंदावेपर्यंतच्या वेळात त्याला कुलदैवतासह सगळे आठवतात. ओल्या कार्बन रिमवर ब्रेक उशिरा धरतो. कोरड्यात प्रश्न उष्णतेचा असतो: लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवला, तर रिम तापून तिच्यातली राळ मऊ पडू शकते आणि टायर धरून ठेवणारी कड दगा देऊ शकते. कार्बन रिमला तिच्यासाठीच बनवलेले ब्रेक शू लागतात. अल्युमिनियमच्या रिमवर वापरलेले शू तिथे लावू नयेत, त्यात रुतलेले धातूचे कण रिम खरवडतात.

तेव्हा दोन सरळ मार्ग आहेत. रिम ब्रेक हवे असतील तर अल्युमिनियमची रिम, कार्बन रिम हवी असेल तर डिस्क. तिसरा मार्ग आहे, पण तो घाटाच्या संरक्षक कठड्यापर्यंत जातो.

पायरी ७: टॉर्क

पेडल डावं असेल तर उलटे आटे, उजवं असेल तर सुलटे. आट्यांच्या बीबीत उजवीकडे बहुधा उलटे असतात. हे पाठ करू नका, गोंधळ वाढतो. दर वेळी बघा.

स्टेमच्या बोल्टवर बहुधा ५ न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या ॲलन कीच्या टोकाला पाचेक किलोचा जोर. यापुढे आपण जे करतो, त्याला ‘हाताचा अंदाज’ म्हणतात. घरातल्या नळाला, गॅसच्या रेग्युलेटरला तो चालतो. कार्बनचं हँडल जास्त आवळलं की आधी बारीक ‘चट्’ होतं, वरून काहीच दिसत नाही, आणि ते तुटतं नंतर केव्हातरी, बहुधा खड्ड्यात. कमी आवळलं तर ऐन खड्ड्यात फिरतं. दोन्हींत खड्डा समान आहे आणि तो आपल्याकडे भरपूर उपलब्ध आहे.

म्हणून टॉर्क रेंच. कार्बनच्या सीटपोस्टला ग्रीस लावू नका, कार्बन पेस्ट लावा. ती वाळूसारखी खरखरीत असते, त्यामुळे कमी आवळूनही पकड राहते. सीटपोस्ट कापून वजन कमी करायचं असेल, तर किमान किती आत हवी याची खूण तिच्यावरच असते. ती खूण ही सूचना आहे, मतप्रदर्शन नाही.

पायरी ८: ग्रॅमचा भाव

आता खरी मजा. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफासारखा प्रत्येक सुट्या भागाला भाव लावा: रुपये प्रति ग्रॅम. बाजारभाव बदलतात, पण चढता क्रम साधारण असाच राहतो.

— साध्या ब्युटाइल रबराच्या ट्यूबऐवजी टीपीयू प्लॅस्टिकच्या ट्यूब: दोन्ही मिळून सव्वाशेच्या आसपास ग्रॅम कमी, जास्तीचा खर्च हजारेक रुपये. आठ रुपये ग्रॅम. घ्या.

— कार्बन रेल्सची सीट: शंभर ग्रॅम, चारेक हजार. चाळीस रुपये ग्रॅम. बसून बघा, मग घ्या.

— टायटॅनियमचे बोल्ट: वीस ग्रॅम, दोनेक हजार. शंभर रुपये ग्रॅम. चमकतात छान.

— शिमानोच्या १०५ संचाऐवजी ड्युरा-एस संचातली कॅसेट: नव्वदेक ग्रॅम, पंधरा हजारांवर. १७० रुपये ग्रॅम. तिची मोठी चक्रं टायटॅनियमची, म्हणून लवकर झिजतात. म्हणजे ही खरेदी पुन्हा करायची आहे.

— निघण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन येणे: तीन-चारशे ग्रॅम. शून्य रुपये. कंपन्या याची जाहिरात करत नाहीत.

एक नियम मात्र भावतक्त्याच्या बाहेरचा. जो भाग तुटला तर फक्त पैसे जातात, तिथून खुशाल ग्रॅम काढा: ट्यूब, कॅसेट, पिंजरे, टेप. जो भाग तुटला तर दात जातात, तिथून काढू नका: फोर्क, स्टेम, हँडल, सीटपोस्ट, ब्रेक. या पाच जागी निनावी आणि अतिहलका माल घेऊन वाचलेले पैसे दंतवैद्याकडे जमा होतात. फ्रेमबरोबर आलेल्या निनावी फोर्कलाही ही शंका लागू आहे. पायरी ३ फोर्कवर पुन्हा करा.

पायरी ९: वजन

एक्सेलमध्ये हिशेब असा दिसतो. फ्रेम ९५० ग्रॅम, फोर्क ४००, हेडसेट ८०, गिअर-ब्रेक-क्रँकचा संच २५००, चाकं १४५०, टायर ४३०, ट्यूब ७०, सीट २००, सीटपोस्ट १८०, हँडलबार २१०, स्टेम १२०, टेप ६०, केबल-स्क्युअर-किरकोळ १५०. एकूण ६८००. बरोब्बर जागतिक संघटनेचा आकडा! इथे एक फोटो काढून ठेवा. हे वजन पुन्हा दिसणार नाही.

काट्यावर फ्रेम ९० ग्रॅम जास्त भरते, चाकं ९०, टायर ३०, सीट २५, आणि एक्स्पांडर प्लग धरलाच नव्हता, ४०. झाले ७०७५. कोणीतरी विचारतं, पेडल कुठे आहेत? कंपन्या बिनपेडलची सायकल तोलतात, ही परंपरा तुम्हाला इथे अचानक पटते. पण सायकल चालवायची असेल तर पेडलचे २६५ आणि दोन पिंजऱ्यांचे ६० धरावे लागतात. ७४०० ग्रॅम.

पाऊण लिटरच्या दोन बाटल्या भरल्या की दीड किलो. जादा ट्यूब, पंप, हत्यारं, दिवे मिळून सहाशे ग्रॅम. रस्त्यावर उतरते तेव्हा तुमची सात किलोची सायकल साडेनऊ किलोची असते.

पायरी १०: चढ

आता निकाल. जुनी सायकल साडेनऊची, नवी ७.४ची. २.१ किलो वाचले. सामानासह तुम्ही आणि जुनी सायकल मिळून ८४ किलो असाल, तर हे वजन अडीच टक्के झालं. सिंहगडचा घाटरस्ता साधारण ६०० मीटर उंची चढतो. तुम्हाला तासभर लागत असेल, तर नवी सायकल सव्वा ते दीड मिनिट आधी पोचवेल. सपाटीवर फरक जवळजवळ शून्य. तिथे अडवते ती हवा, आणि हवेला तुमची सायकल किती ग्रॅमची आहे याच्याशी घेणं नसतं, तुम्ही किती रुंद बसला आहात याच्याशी असतं.

ऊर्जेचा हिशेबही करून टाकू. २.१ किलो वजन ६०० मीटर वर न्यायला साडेबारा हजार ज्यूल लागतात. आपलं शरीर खाल्लेल्यापैकी चौथाईच ऊर्जा पेडलपर्यंत पोचवतं, म्हणजे अन्नातल्या बारा कॅलरी. वर पोचल्यावर समोर आलेल्या कांदाभज्यांच्या बशीतलं पहिलंच भजं ही बचत व्याजासकट परत करतं. अख्खी बशी संपेपर्यंत ते दीड मिनिटही संपलेलं असतं.

शंकासमाधान

*वाटेत प्रत्येक जण विचारतो, “केवढ्याला घेतली?” काय सांगावं?*
फ्रेमची किंमत सांगावी. ती खरी आहे. घरीही हाच आकडा वापरावा, म्हणजे दोन आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत. एकूण खर्च फ्रेमच्या चार-पाच पट होतो, हे एक्सेललाच माहीत असू द्या आणि फाइलला पासवर्ड लावा.

*एखादा बोल्ट उरला तर?*
उरत नसतो. सुटलेला असतो. शोधा.

*ते काका अजूनही पुढे जातात.*
ते आठवड्यातून चार वेळा चढतात.

*मग तयार सायकलच घेतलेली बरी नाही का?*
चालवायचीच असेल तर हो. एवढ्याच पैशांत चांगली अल्युमिनियमची किंवा कार्बनची तयार सायकल येते. तिला वॉरंटी असते, बीबीतून आवाज आला तर तो दुकानदाराचा प्रश्न असतो, आणि वाचलेले रविवार चढायला मिळतात. पण काहींना चालवण्याइतकंच जोडण्याचंही वेड असतं. रात्री अकरा वाजता हेडसेटच्या रिंगा मोजत बसण्यात त्यांना सुख वाटतं. तुम्ही इथपर्यंत वाचलंत, म्हणजे बहुधा त्यांच्यातलेच. मग फ्रेमच्या ऑर्डरचं पान तूर्त बंद करा आणि आधी टॉर्क रेंच मागवा. ती आठवड्यात येते. तोवर जुन्या सायकलचे बोल्ट तपासून घ्या, निम्मे चुकीचे आवळलेले निघतील.